तपकिरी पाट्यांचा रस्ता

अमेरिकेत आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, जाहिरातीतला रस्ता नेहमी रिकामा असतो. मागे बर्फाचे डोंगर, गाडीच्या दारापाशी दोन घडीच्या खुर्च्या आणि नजर जाईल तिथवर दुसरं माणूस नाही. मनात आलं की निघावं, आवडेल तिथे मुक्काम टाकावा, असं ते चित्र सुचवतं. प्रत्यक्षात जुलैत यलोस्टोनकडे जायचं असेल तर ते जानेवारीतच मनात यावं लागतं. सरकारी कॅम्पग्राउंडांच्या बऱ्याचशा जागा सहा महिने आधी, सकाळी ठरलेल्या वेळेला खुल्या होतात आणि चांगल्या जागा बघता बघता संपतात. २०२१ साली एकट्या यलोस्टोनला ४८ लाखांहून अधिक लोक येऊन गेले, त्यांतले दहा लाखांवर एका जुलैत. त्या सगळ्यांना रिकामाच रस्ता हवा होता.

आम्ही डेन्व्हरला राहतो. आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, उन्हाळ्यासाठी साताऱ्याहून येणार असं ठरलं की आमच्याकडे, आणि मला वाटतं इथल्या बहुतेक मराठी घरांत, एकच विषय सुरू होतो: यंदा त्यांना काय दाखवायचं? नायगारा, वॉशिंग्टन झालेलं होतं. आईंचे गुडघे, बाबांचं इन्शुलिन, दोघांची वेळेवर जेवायची सवय आणि रोज नव्या मोटेलात बॅगा चढवण्या-उतरवण्याचा कंटाळा, या सगळ्यावर आरव्ही हा तोडगा वाटला. फ्रिज बरोबर, संडास बरोबर, कुकर बरोबर.

नवऱ्याने नकाशावर दोन रंगांच्या खुणा केल्या. हिरव्या उद्यानांच्या, तपकिरी ऐतिहासिक ठिकाणांच्या. हिरव्या खुणांवर मुक्काम, तपकिरी खुणांवर तासभर थांबा. तेवढीच चालवणाऱ्याला विश्रांती, मुलीला शाळेत सांगायला काहीतरी, बाबांना वाचायला चार पाट्या. इतिहासाची किंमत हायवेवरच्या चहाएवढी. बहुतेकांच्या सहली अशाच आखलेल्या असतात. पण यलोस्टोनच्या त्या प्रदेशापुरतं बोलायचं तर मला ही वाटणीच आता खोटी वाटते. रस्त्यावर तशी वाटणी नसतेही. उद्यान असो की रणभूमी, पाटी तपकिरीच असते आणि बहुतेक ठिकाणी खातंही एकच. १९१६ साली स्थापन झालेल्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे १९३३ मध्ये लष्कराच्या ताब्यातल्या कितीतरी ऐतिहासिक जागा सोपवल्या गेल्या, तेव्हापासून डोंगर आणि लढाया एकाच दप्तरात आहेत.

आरव्हीची सहल आखताना पहिला प्रश्न कुठे जायचं हा नसतो, लांबी किती हा असतो. माँटानातल्या ग्लेशियर उद्यानातला ‘गोइंग टू द सन’ रस्ता नवऱ्याच्या फार दिवस मनात होता. १९३३ साली खुला झालेला, कड्याला खेटून चढणारा रस्ता. त्याच्या मधल्या घाटात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडीला मज्जाव आहे. पाच माणसांना निजता येईल अशी गाडी त्यात बसत नाही. म्हणून ग्लेशियर गेलं. साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कमध्ये नीडल्स हायवेवर जेमतेम ८ फूट रुंदीचा बोगदा आहे, तो गेला. ग्रँड टीटनमधला मूस-विल्सन रस्ता गेला. वायोमिंगच्या बिगहॉर्न डोंगरातला १४-ए हा रस्ता लांबीच्या नियमात अडकत नव्हता, पण तिथे दहा टक्क्यांचा उतार, म्हणजे शंभर फूट पुढे गेलं की दहा फूट खाली. बाबांनी आकडा ऐकला आणि मान हलवली. “पाण्याने भरलेली टाकी घेऊन असला उतार? बिलिंग्जवरून वळसा घाल. डिझेल-पेट्रोल जळू दे, ब्रेक नको जळायला.”

त्या भागातले पुष्कळसे निसर्गरस्ते १९२० आणि ३० च्या दशकांतले. आखणाऱ्यांनी तेव्हाच्या मोटारी डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या. कुठल्या वळणावर कुठलं शिखर दिसावं याचासुद्धा विचार केलेला आढळतो. मग गाड्या वाढल्या, डोंगर तेवढेच राहिले. एखादा रस्ता आपल्यासाठी नाही हे चारचाकीतल्या सुखवस्तू माणसाला सहसा ऐकावं लागत नाही. आरव्हीवाल्याला ते पानोपानी ऐकावं लागतं. मला ते बरं वाटलं. यादीतली निम्मी ठिकाणं गाडीनेच कापली आणि आमच्यातली भांडणं वाचली.

उरला तो एक मोठा फेरा: डेन्व्हरहून उत्तरेला फोर्ट लॅरामी, तिथून ब्लॅक हिल्स, मग डेव्हिल्स टॉवर, लिटल बिगहॉर्न, कोडीवरून यलोस्टोन, खाली ग्रँड टीटन आणि साउथ पासवरून परत. गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते आणि भाडं मैलावर मोजतात, म्हणून हा क्रम निव्वळ मैलांच्या सोयीने लावला होता. त्या क्रमात आणखी काही दडलेलं आहे हे आखताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याकडे येते.

आधी पाणी. गाडी ताब्यात देण्यापूर्वी भाड्याने देणाऱ्याकडचा माणूस तुम्हाला तिच्याभोवती फिरवतो, झाकणं उघडून दाखवतो, कुठला नळ कशाचा ते सांगतो. बाबा वही घेऊन आले होते. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. स्वच्छ पाण्याची टाकी चाळीस गॅलनची, असं त्या माणसाने म्हटल्याबरोबर बाबांनी वहीत दीडशे लिटर लिहिलं, पाचाने भागलं आणि मला मराठीत म्हणाले, “दरडोई तीस लिटर. जलजीवनवालेसुद्धा पंचावन्न धरतात गं.”

मग बाकीच्या टाक्या. बेसिन आणि न्हाणीचं पाणी जमतं ती ग्रे टँक, संडासाची ती ब्लॅक टँक. स्वयंपाकाच्या ओट्यावर एक पट्टी असते, तिच्यावरचं बटण दाबलं की लहान दिवे लागून कोणती टाकी किती भरली ते कळतं. ग्रे टँक सगळ्यात आधी भरते, कारण भांडी. शहरातल्या घरात पाणी नळातून येतं आणि मोरीतून जातं. येण्या-जाण्यातला हिशेब दुसरं कोणीतरी ठेवतं. इथे तो हिशेब डोळ्यांसमोर लुकलुकत असतो. इंटरनेटवर अमेरिकन मंडळी अंघोळ दोन मिनिटांत कशी आटपावी यावर लांबलचक सल्ले देतात: अंग भिजवा, पाणी बंद करा, साबण लावा, पुन्हा सोडा. आई-बाबांनी त्या टीचभर न्हाणीत प्लास्टिकची बादली आणि तांब्या ठेवला आणि विषय संपवला. शॉवरचं तोंड शेवटपर्यंत कोरडं राहिलं असेल, निदान त्यांच्या पाळीला.

ब्लॅक टँकचं मात्र असं कुठलं शहाणपण आमच्याजवळ नव्हतं. ती रिकामी करायची जागा म्हणजे डंप स्टेशन. रबरी हातमोजे घालायचे, जाड नळी गाडीच्या पोटाखालच्या तोंडाला फिरवून बसवायची, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात सोडायचं, आधी काळी झडप ओढायची आणि मग राखाडी, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. नळीतून जाताना आवाज येतो. तो आवाज थांबेपर्यंत तिथे उभं राहायचं असतं. रांगेत आमच्या पुढे-मागे जे होते ते कोणी निवृत्त शिक्षक, कोणी दंतवैद्य. सगळ्यांच्या हातांत तेच मोजे आणि बोलणं हवेबद्दलचं. घाण माझी, नळी माझी, इतकं सरळ.

आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादलं गेलं. १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये आणखी कडक झाला, तरी गटारात उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या संपलेल्या नाहीत. पहिल्या वेळी नवऱ्याने टाकी रिकामी केली तेव्हा बाबा लांब उभे होते. दुसऱ्या वेळी त्यांनी काही न बोलता मोजे मागून घेतले. वाकताना त्यांना त्रास होत होता, पण झडप त्यांनीच ओढली. मग हात धुताना म्हणाले, “हे प्रत्येक कार्यकारी अभियंत्याला वर्षातून एकदा करायला लावलं पाहिजे.” मला त्यात भर घालावीशी वाटते, पण यादी फार लांब होईल.

घर चाकांवर चढलं की स्वयंपाकघरही चढतं, हे आखताना कोणी बोललं नव्हतं, कारण ते ज्यांच्या वाट्याला येणार होतं त्यांनाच विचारलं नव्हतं. दोन शेगड्या, हातभर ओटा आणि उघडलं की समोरच्याचा रस्ता अडवणारं फ्रिजचं दार. यलोस्टोन सरोवराची उंची समुद्रसपाटीपासून ७,७०० फुटांच्या वर. तिथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर नेला म्हणून निभावलं. त्यात अस्वलांचे नियम. बाहेरच्या बाकावर एक चमचासुद्धा विसरायचा नाही, पाण्याचा जग नाही, खरकटं तर नाहीच. वास येईल असं सगळं गाडीच्या आत. हिंग-मोहरीच्या फोडणीबद्दल नियमावलीत काही नव्हतं. आईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि फोडणी केली.

फोर्ट लॅरामी ही आमची पहिली तपकिरी खूण. १८३४ मध्ये कातड्यांच्या व्यापाराचं ठाणं म्हणून वसलेली आणि १८४९ मध्ये लष्कराने विकत घेतलेली ही वायोमिंगमधली जागा ऑरेगनच्या वाटेवरचा मोठा विसावा होती. चौथऱ्यांचे अवशेष, काही डागडुजी केलेल्या जुन्या इमारती, लॅरामी नदी आणि भरपूर वारा. वायोमिंगचा वारा हे वेगळंच प्रकरण आहे. हायवेवरच्या पाट्यांवर उंच, हलक्या गाड्यांसाठी इशारे झळकतात आणि आरव्ही नेमकी तशीच गाडी. एका झुळकेत ती अर्धी लेन सरकते.

ऑरेगनला निघालेल्या लोकांनीही उन्हाळ्याचीच सहल आखली होती, फक्त जन्माची. मिझुरी नदीकाठाहून निघायचं ते गवत उगवल्यावर, कारण बैलांचं इंधन तेच. आणि पोहोचायचं ते डोंगरात बर्फ पडण्याआधी. सुमारे दोन हजार मैल, दिवसाला पंधरा मैलांच्या आसपास, चार ते सहा महिने. चार जुलैच्या सुमाराला वायोमिंगमधल्या इंडिपेंडन्स रॉक या खडकापाशी असलं तर वेळापत्रक ठीक, नाहीतर घाई. गाडीचा पेटारा साधारण दहा फूट लांब, चार फूट रुंद. त्यात पीठ, खारवलेलं मांस, बियाणं, अवजारं भरली की माणसांना जागा उरायची नाही, आणि गाडीला स्प्रिंगा नसल्याने बसवतही नसे. म्हणून ज्यांचं घर चाकांवर होतं ते लोक घराच्या शेजारून चालत गेले. फोर्ट लॅरामीच्या आसपास पुढच्या चढाचा अंदाज आला की जड सामान वाटेतच टाकून द्यायचे: कपाटं, ऐरणी, लोखंडी चुली. आमच्या गाडीतून निघण्याआधी काय काय उतरवलं याची यादी इथे देत नाही. पण भरलेल्या टाकीतलं पाणीच दीडशे किलो होतं हे कळल्यावर रगडा-पॅटिसचं पातेलं आपोआप गॅरेजमध्ये राहिलं.

त्याच ठाण्यात १८६८ मध्ये अमेरिकी सरकारने लकोटा आणि त्यांच्या बरोबरच्या मूळ रहिवासी जमातींशी करार केला. त्यात ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख त्यांचा म्हणून राखून ठेवला होता. सहा वर्षांनी, १८७४ मध्ये, कस्टर नावाचा अधिकारी फौजफाटा घेऊन त्या डोंगरांत गेला आणि सोनं सापडल्याची बातमी बाहेर आली. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला लढाई झाली, १८७७ मध्ये काँग्रेसने कायदा करून डोंगर काढून घेतले. आता आमचा फेरा बघा. फोर्ट लॅरामी, ब्लॅक हिल्स, लिटल बिगहॉर्न. पेट्रोल वाचवायला लावलेला क्रम हाच त्या घटनांचा क्रम निघाला. एक थांबा सोडून दुसऱ्याकडे गेलं की साल पुढे सरकत होतं. हे माझ्या ध्यानात आलं ते फोर्ट लॅरामीतल्या एका पाटीपुढे, आणि मग तासभराच्या थांब्याचा दुपारभर झाला.

माउंट रशमोर त्या ब्लॅक हिल्समध्येच आहे. गटझन बोर्ग्लमच्या देखरेखीखाली १९२७ ते १९४१ या काळात चार राष्ट्राध्यक्षांचे साठ-साठ फुटी चेहरे ग्रॅनाइटात कोरले गेले. ते लांबून भव्य आणि जवळून थोडे एकसुरी वाटले. मुलीला समोरच्या रानबकऱ्या जास्त आवडल्या. मी बाबांना १९८० च्या खटल्याबद्दल सांगत होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की हे डोंगर घेताना योग्य मोबदला दिला गेला नव्हता. १ कोटी ७१ लाख डॉलर मूळ रक्कम आणि १८७७ पासूनचं व्याज मिळून दहा कोटींहून अधिक डॉलर मंजूर झाले. लकोटांनी ते उचलले नाहीत. सरकारी खात्यात पडून ती रक्कम वाढत वाढत शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली, आणि त्यांच्या वस्त्या देशातल्या सर्वांत गरीब वस्त्यांत मोजल्या जातात, तरीही नाही.

माझ्या ओळखीच्या ज्या कोणाला हे सांगितलं त्याने विचारलं, का नाही घेत? बाबांनी विचारलं नाही. त्यांच्या नोकरीतली काही वर्षं धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कामात गेली होती. ते म्हणाले, “आमच्याकडे जाणती माणसं मोबदल्याच्या पावतीवर सही करताना ‘हरकत राखून’ असं लिहायची. पैसे घेतले तरी तक्रार जिवंत राहायची. ज्यांना ते सुचलं नाही त्यांची तक्रार तिथेच मिटली. यांना हरकत राखून घ्यायचा मार्ग दिसत नसेल. मग न उचलणं हीच हरकत.” पुढे त्यांनी चांदोलीचं नाव काढलं. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या त्या जंगलात आता वाघांसाठी राखीव क्षेत्र आहे, आणि आतली गावं उठून खाली आली आहेत. देवळाचे चौथरे, आमराया अजून तिथे आहेत असं म्हणतात. बाबांनी उद्यानाच्या विरोधात काही म्हटलं नाही. जंगल राखलं पाहिजे असंच त्यांचं मत आहे. फक्त मोकळी दिसणारी जागा बघितली की इथे आधी कोण होतं, हा खात्यातला प्रश्न त्यांच्या तोंडी येतो.

रशमोरपासून थोड्या अंतरावर क्रेझी हॉर्स या लकोटा योद्ध्याचं शिल्प १९४८ पासून डोंगरात कोरलं जात आहे आणि अजून अपुरं आहे. बॅडलँड्स उद्यान आम्ही एका संध्याकाळी उरकलं. मातीचे पट्टे सुंदर, ऊन असह्य. डेव्हिल्स टॉवर हे देशातलं पहिलं नॅशनल मॉन्युमेंट, थिओडोर रूझवेल्टने १९०६ मध्ये जाहीर केलेलं. पायथ्यापासून ८६७ फूट उंच असा तो खांब अनेक जमातींना पवित्र आहे, म्हणून जून महिन्यात गिर्यारोहकांनी आपणहून चढणं टाळावं अशी १९९५ पासून विनंती केली जाते. बंदी नाही, विनंती. काही जण मानतात, काही मानत नाहीत. आईंनी खालून नमस्कार केला आणि एका झाडाला बांधलेल्या रंगीत फडक्यांकडे बोट दाखवून मुलीला सांगितलं की हात लावायचा नाही, नवस असेल कोणाचा. पाटीवरही साधारण तेच लिहिलं होतं.

लिटल बिगहॉर्नला २५ आणि २६ जून १८७६ च्या लढाईत कस्टर आणि त्याच्या तुकडीतले दोनशेहून अधिक सैनिक लकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांकडून मारले गेले. गवताची टेकडी आहे, आणि जिथे जिथे सैनिक पडले तिथे १८९० मध्ये लावलेले पांढरे संगमरवरी दगड. कळपाने, दोघा-दोघांनी, एखादा अगदी एकटा, उताराच्या खाली. पळण्याची दिशा दगडांवरून कळते. शतकभर त्या टेकडीवर फक्त हरलेल्यांच्या खुणा होत्या आणि जागेचं नावही कस्टरचंच होतं. नाव बदललं १९९१ मध्ये. योद्ध्यांसाठी तांबडे ग्रॅनाइटचे दगड १९९९ पासून लागू लागले, आणि त्यांचं स्मारक २००३ मध्ये झालं. जिंकूनही इतकी वाट पाहावी लागली, कारण ती लढाई जिंकली आणि युद्ध गेलं. आणखी एक गुंता: हे सगळं आज क्रो लोकांच्या राखीव भूमीने वेढलेलं आहे, आणि त्या दिवशी क्रो वाटाडे कस्टरच्या बाजूने होते. मुलीने विचारलं, मग आपण कोणाच्या बाजूने? नवरा म्हणाला, आधी सगळे दगड वाच.

यलोस्टोनला आमचा मुक्काम फिशिंग ब्रिजला होता. तिथे ग्रिझली अस्वलं फिरतात, म्हणून तंबू चालत नाहीत, टणक भिंतींचीच गाडी लागते. पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी जागेवर मिळते. म्हणजे डंप स्टेशनची रांगही नाही. आईंनी त्या दिवशी पुरणपोळी करावी का असा विचार बोलून दाखवला, इतकं ते चैनीचं वाटलं.

१ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं, असं सगळ्या पुस्तिकांत असतं. जगातल्या जिवंत गायझरांपैकी, म्हणजे उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांपैकी, निम्म्याहून अधिक इथे आहेत. त्यांतल्या ओल्ड फेथफुलच्या पुढच्या उसळीची वेळ फळ्यावर लिहिलेली असते, आणि बाकांवर हजारभर माणसं मोबाइल उगारून बसलेली. बाबांना ते पाणी जमिनीखाली किती खोल जातं, किती वर्षांनी वर येतं यात रस होता. मला मात्र पाच वर्षांनंतरच्या उन्हाळ्याने धरून ठेवलं होतं.

ऑगस्ट १८७७ मध्ये नेझ पर्स जमातीची सात-आठशे माणसं, त्यांत बायका, मुलं, म्हातारे आणि हजारो घोडे, लष्कराला चुकवत या उद्यानातून गेली. ऑरेगनमधली त्यांची दरी सोडून ठरलेल्या जागेत जा, असा हुकूम होता. त्या वेळी उद्यानात पर्यटक होते. माँटानातली एक टोळी गायझर बघून परतायच्या तयारीत होती. त्यातलं कोवन दांपत्य लग्नाचा दुसरा वाढदिवस साजरा करत होतं. त्यांना पकडलं गेलं. जॉर्ज कोवनला गोळ्या लागल्या, तो मेला असं समजून टाकून दिला गेला आणि रांगत रांगत वाचला. एमा कोवनला काही वेळाने सोडून देण्यात आलं. तिने पुढे ही हकीकत लिहिली. त्याच महिन्यात थोडे दिवस आधी, देशाचा सरसेनापती जनरल शर्मन हाही याच उद्यानात हिंडून गेला होता. म्हणजे एकाच उन्हाळ्यात, एकाच वाटांवर, सुट्टीवरचा सेनापती, लग्नाचा वाढदिवस आणि मुलूख गमावलेली एक अख्खी जमात. नेझ पर्स ज्या उतारावर यलोस्टोन नदी ओलांडून गेले ती जागा फिशिंग ब्रिजपासून थोड्याच मैलांवर आहे. आता तिथे गाड्या थांबतात त्या गव्यांसाठी. गव्यापासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड लांब राहायचं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो.

ग्रँड टीटनबद्दल कमी लिहिते, कारण ते डोंगर बघायचेच आहेत. तिथल्या सपाट दरीतली बरीच जमीन धाकट्या रॉकफेलरने स्वतःचं नाव पुढे न करता कंपनीमार्फत विकत घेतली आणि पुढे देशाला दिली. स्थानिक रँचवाले त्यावर वर्षानुवर्षं चिडलेले होते. १९५० मध्ये ती उद्यानात आली. परतीच्या वाटेवर इंडिपेंडन्स रॉक लागला. त्या खडकावर ऑरेगनला जाणाऱ्यांनी कोरलेली हजारो नावं आहेत, आणि त्यांवर हात ठेवायलासुद्धा मन कचरतं. रायगडावर कोणी बदाम कोरून नाव लिहिलं की बाबांचा पारा चढतो. इथे ते चष्मा लावून एकेक नाव वाचत होते. मी म्हटलं, “बाबा, हा तोच प्रकार ना?” त्यावर ते म्हणाले, “यांना परत यायचं नव्हतं. त्याला मोटारसायकलवरून संध्याकाळी घरी जायचं असतं.”

नेझ पर्सची धावाधाव संपली ती माँटानाच्या उत्तरेला, बेअर पॉ इथे. हजारावर मैल चालून, कॅनडाची सीमा अवघी चाळीसेक मैल उरली असताना ५ ऑक्टोबर १८७७ रोजी त्यांच्यातल्या चीफ जोसेफने शस्त्र खाली ठेवलं. आमच्या फेऱ्यात ते बसत नव्हतं. यलोस्टोनहून एका दिशेलाच सबंध दिवस गेला असता, आणि गाडी परत करायची तारीख ठरलेली होती. बाबांना ती साखळी अर्धी राहिल्याची रुखरुख आहे. ते पुन्हा येतील तेव्हा आधी तिथेच जायचं म्हणतात. साताऱ्यातून फोनवर अंतरं विचारतात, रस्त्याचा चढ विचारतात, त्या बाजूला पाणी भरायची सोय कुठे आहे ते विचारतात.

आईंचीही जायला हरकत नाही. त्यांची अट एकच आहे. या वेळी मोटेलात उतरायचं आणि सकाळचा चहा दुसऱ्या कोणीतरी करायचा.